वंशावळीत न मोजलेला मामा: महालमधील एका कुटुंबातील स्मृतिभ्रंशाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील कुटुंब नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकापासून चालत पाच मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या दुमजली घरात राहते. मी ज्येष्ठांच्या कुटुंबांसाठी समुपदेशक म्हणून काम करते. ऑक्टोबर 2023 मध्ये या घरातील थोरली सून माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा तिची तक्रार सासूबाईंच्या आजाराबद्दल नव्हती, नवऱ्याबद्दल होती. कुटुंबाच्या संमतीने हे लिहीत असले तरी ओळख पटू नये म्हणून वय, व्यवसाय आणि इतर काही तपशील बदलले आहेत. नावे तर कोणाचीच दिलेली नाहीत.

घरातील आजी त्या वेळी 77 वर्षांच्या होत्या. त्यांचे माहेर काटोलचे, शिक्षण चौथीपर्यंत, यजमान रेल्वेत लिपिक होते आणि 66 व्या वर्षी हृदयविकाराने गेले. थोरला मुलगा 54 वर्षांचा, सून प्राथमिक शाळेत शिक्षिका, त्यांची मुलगी 26 वर्षांची आणि मिहानमधील एका कंपनीत नोकरीला. आजींची लेक अमरावतीला दिलेली, धाकटा मुलगा पुण्याला. आजींच्या सेवेचा सगळा भार सुनेवर होता आणि थोरला मुलगा गेल्या आठ महिन्यांत आईच्या खोलीत क्वचितच गेला होता. तो औषधे आणून देई, डॉक्टरांचे पैसे भरी, पण उंबरठ्याच्या आत पाऊल टाकत नसे. सुनेचे पहिल्या भेटीतील वाक्य मी जसेच्या तसे लिहून ठेवले आहे: "भीती यांची आणि काम माझं, असं किती दिवस चालन जी?"

आजाराची सुरुवात शोधताना कुटुंबातील प्रत्येकाने वेगळी तारीख सांगितली. सुनेची आठवण मला सर्वांत विश्वासार्ह वाटली, कारण ती एका ठरलेल्या कामाशी जोडलेली होती. एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीच्या काळात, आजींनी नेहमीप्रमाणे कुरड्यांसाठी गहू भिजत घातले. कुरड्यांचे काम क्रमाचे असते: गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा, वरचे पाणी काढून टाकायचे, शिजवायचा आणि सोऱ्यातून पाडायचा. पन्नास वर्षे हे काम हातावर असलेल्या आजींना त्या वर्षी पाणी किती वेळा बदलले हे सांगता येईना, आणि चीक निवळण्याआधीच त्यांनी तो चुलीवर ठेवला. पुढे काय करायचे असते हे त्यांनी सुनेला विचारले, आणि विचारताना त्यांचा चेहरा घाबरलेला होता. घरात सगळे "साठी बुद्धी नाठी" म्हणून हसले. टाळेबंदीमुळे आजींचे देवळात, बाजारात, नातेवाइकांकडे जाणे बंदच होते, त्यामुळे बाहेरच्या जगात त्यांची किती तारांबळ उडाली असती हे कोणाला दिसलेच नाही. स्मृतिभ्रंशात विस्मरणाच्या आधी किंवा बरोबरीने अनेक पायऱ्यांचे काम क्रमाने करण्याची क्षमता ढासळते, आणि आपल्याकडे ते ढासळणे सर्वांत आधी स्वयंपाकघरात दिसते. हे तिथे उभ्या असलेल्या बाईला कळते. पण तिला कोणी विचारत नाही.

पुढची दोन वर्षे नेहमीच्या वळणाने गेली. एकच प्रश्न दहादा विचारणे, पाटल्या मोलकरणीने चोरल्या असा आळ घेणे, बँकेत सही न जुळल्याने धनादेश परत येणे, आणि शेवटी 2022 च्या पावसाळ्यात चौकातून घरी येण्याचा रस्ता न सापडणे. त्यानंतर कुटुंबाने धंतोलीतील एका मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवले. थायरॉइड, बी-12, सोडियम, साखर या तपासण्या आधी झाल्या, कारण यांतील बिघाडानेही विस्मरण होते आणि ते बऱ्याच अंशी दुरुस्त होऊ शकते. मेंदूच्या एमआरआयमध्ये स्मृतीशी संबंधित भाग आक्रसलेला आणि लहान रक्तवाहिन्यांच्या जुन्या इजा असे दोन्ही आढळले. निदान मिश्र स्वरूपाचे झाले, म्हणजे अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांमुळे होणारा स्मृतिभ्रंश एकत्र. स्मृतिभ्रंशावरील डोनेपेझिल हे औषध 5 मिलिग्रॅम सुरू झाले आणि रक्तदाबाच्या गोळ्या नियमित करण्यात आल्या.

त्या डॉक्टरांचे एक मला फार आवडले. 30 गुणांच्या चाचणीत शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. चौथी शिकलेल्या बाईचा त्यात निकाल काय लावायचा, म्हणून त्यांनी मुलाला विचारले की आईला हिशेब कसा येत असे. मुलाने सांगितले की आईला पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे, तोंडपाठ होती आणि तिनेच ती भावंडांना शिकवली होती. डॉक्टरांनी आजींना निमकी म्हणायला सांगितली. आजी तीनपर्यंत गेल्या आणि थांबल्या. मुलगा त्या खोलीतून उठून बाहेर गेला. आईच्या खोलीत जाणे त्याने काही महिन्यांनी सोडले, पण त्याची सुरुवात मला त्या क्षणात दिसते.

त्याच्याशी एकट्याने बोलायला मला तीन भेटी लागल्या. तिसऱ्या भेटीत त्याने पिशवीतून एक वही काढली. त्या वहीत तो स्वतःच्या चुका तारखेसह लिहीत होता: स्कूटरची किल्ली फ्रिजवर राहिली, साहेबांचे नाव आठवले नाही, सीताबर्डीला जाऊन कशासाठी आलो ते विसरलो. तीन महिन्यांत 41 नोंदी होत्या. रोज रात्री झोपण्यापूर्वी तो एकोणतीसचा पाढा आणि पूर्ण निमकी मनात म्हणत असे, आणि एखाद्या जागी अडखळला की त्याला पहाटेपर्यंत झोप लागत नसे. आईजवळ बसले की आपण स्वतःच्या वीस वर्षांनंतरच्या रूपाजवळ बसलो आहोत असे वाटते, असे तो म्हणाला. पत्नीने त्याला कठोर समजले होते, बहिणीने बेजबाबदार आणि धाकट्या भावाने चिक्कू. चौथी शक्यता कोणाच्या मनातही आली नव्हती, आणि सेवेची पाळी कोणी कधी करायची यावर महिनोन्महिने चाललेले भांडण याच न बोललेल्या गोष्टीवर उभे होते.

मी त्याला आधी स्वतःच्या तपासण्या करायला सांगितल्या. तो शाकाहारी, अकरा वर्षांपासून मधुमेही आणि मेटफॉर्मिन घेणारा. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-12 कमी होण्याची शक्यता वाढते हे सर्वज्ञात आहे. त्याचे बी-12 खरोखरच बरेच खाली आले होते. इंजेक्शने सुरू झाली, डाव्या कानाने कमी ऐकू येते हेही तपासणीत निघाले, आणि रक्तदाबासाठी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, सोडावा असे डॉक्टरांनी बजावले. दोन महिन्यांत वहीतील नोंदी कमी झाल्या. त्या बी-12 मुळे कमी झाल्या, झोप सुधारल्याने झाल्या की कोणाशी तरी बोलल्याने, हे वेगळे करून सांगता येणार नाही आणि तसे करण्याची गरजही मला वाटली नाही.

घर जरा सावरत असतानाच जानेवारी 2024 मध्ये अमरावतीच्या लेकीने इंटरनेटवरून मागवलेल्या लाळेच्या जनुकीय तपासणीचा अहवाल कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. त्यात एपीओई जनुकाच्या ई-4 प्रकाराची एक प्रत असल्याचे लिहिले होते आणि शेजारी लाल रंगाची पट्टी होती. तिने तो कोणालाही न विचारता, बहुधा मध्यरात्री, स्वतः घाबरलेल्या अवस्थेत पाठवला. सकाळपर्यंत पुण्याच्या भावाने त्याखाली "म्हणजे आपल्या सगळ्यांना" एवढेच लिहिले होते.

इथे थोडे थांबून हा अहवाल काय सांगतो ते नीट मांडणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्याच्या चुकीच्या वाचनातून घडले. एपीओई हे जनुक 19 व्या गुणसूत्रावर असते आणि त्याचे ई-2, ई-3 आणि ई-4 असे तीन मुख्य प्रकार आहेत. प्रत्येक माणसाला एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. ई-4 चा आणि उतारवयातील अल्झायमरचा संबंध 1993 मध्ये पुढे आला. एक प्रत असेल तर धोका साधारण दोन ते तीन पट आणि दोन प्रती असतील तर आठ ते बारा पट वाढतो असे सांगितले जाते, पण हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरील अभ्यासांतून आलेले आहेत. हरियाणातील बल्लभगड भागात झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात ई-4 चे प्रमाण अमेरिकेतील तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळले होते. ई-4 असूनही अनेकांना हा आजार कधीच होत नाही आणि ई-4 नसलेल्यांनाही तो होतो. त्यामुळे ही तपासणी आजाराचे निदान करत नाही, फक्त शक्यता किती झुकली आहे ते दाखवते.

याहून वेगळा, पिढ्यानपिढ्या सरळ उतरणारा प्रकारही आहे. 21 व्या गुणसूत्रावरील एपीपी, 14 व्या गुणसूत्रावरील प्रेसेनिलिन-1 आणि पहिल्या गुणसूत्रावरील प्रेसेनिलिन-2 या जनुकांतील दोषांमुळे होणारा अल्झायमर साधारणपणे साठीच्या आत, कधी चाळिशीतही सुरू होतो आणि अशा पालकाच्या प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. अल्झायमरच्या एकूण रुग्णांत असे रुग्ण एक टक्क्याहूनही कमी आहेत. अमरावतीच्या लेकीने जे वाचले होते ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल होते आणि तिच्या हातातला अहवाल पहिल्या प्रकाराचा होता.

आणखी एक गोष्ट कुटुंबाच्या लक्षात आली नव्हती. लेकीची ती एक प्रत आईकडूनच आली असे कोणीही सांगू शकत नव्हते. ती वडिलांकडूनही आलेली असू शकते, आणि वडील स्मृतिभ्रंशाच्या वयाला पोहोचण्याआधीच गेले. आजींची तपासणी करून हे पाहावे असे पुण्याच्या मुलाचे म्हणणे होते. त्यावर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की त्या निकालाने आजींच्या उपचारात काहीही बदल होणार नाही. ज्या बाईला तपासणी कशाची हेच समजावून घेता येत नाही तिच्या शरीरातून मुलांच्या भीतीचे उत्तर काढू नये, हे माझे मत मी बैठकीत मांडले आणि आजही ते तसेच आहे.

मार्च महिन्यातील एका रविवारी मी सर्वांना महालच्या घरी एकत्र बोलावले. पुण्याचा मुलगा व्हिडिओ कॉलवर होता. "आमच्या घराण्यात तीन पिढ्यांपासून वेड आहे" हे वाक्य मी तोवर तिघा भावंडांच्या तोंडून वेगवेगळ्या प्रसंगी ऐकले होते. त्या दिवशी एका मोठ्या कागदावर आजींच्या माहेरची वंशावळ काढली आणि प्रत्येक नावापुढे दोनच गोष्टी विचारल्या: त्रास कोणत्या वयात सुरू झाला आणि सर्वांत आधी काय दिसले. आजींचे वडील, ज्यांना काटोलमध्ये शेवटी शेवटी वेडे म्हणत, त्यांचा उजवा हात साठीनंतर एका पहाटे लुळा पडला होता आणि बोलणे त्याच दिवसापासून बिघडले होते. तो पक्षाघात होता. आजींचे एक मामा नागपूरच्या मनोरुग्णालयात वारले हे खरे, पण ते विशीपासून आजारी होते, त्यांना कानात आवाज येत असत, आणि तो आजारच वेगळा. आजींच्या थोरल्या बहिणीला मात्र ऐंशीच्या सुमारास असेच विस्मरण सुरू झाले होते. पासष्टीच्या आत सुरुवात झालेले एकही नाव कागदावर नव्हते. आजींची स्वतःची सुरुवात 74 व्या वर्षी झाली होती.

कागद पूर्ण झाला असे सगळे म्हणत असताना नातीने विचारले, "आणि काटोलचे मामाआजोबा?" आजींचे धाकटे भाऊ त्या वेळी 75 वर्षांचे होते, संत्र्याच्या बागेचा हिशेब अजून स्वतः ठेवत, मृग बहाराला व्यापाऱ्याशी घासाघीस करत. पंच्याऐंशी ओलांडून शहाणपणाने गेलेली आजींची एक आत्याही मग आठवली, आणि नव्वदीपर्यंत पंचांग वाचून तिथी सांगणाऱ्या आजींच्या आई. या तिघांना कोणी मोजलेच नव्हते. मी हे अनेक घरांत पाहिले आहे: आजारी पडलेल्यांच्या कथा पिढ्यानपिढ्या सांगितल्या जातात, जे धडधाकट राहिले त्यांच्याबद्दल सांगण्यासारखे काही नसते, आणि कथांवरून मोजणी केली की आजारच सगळीकडे दिसतो. त्या कागदावर थोरल्या मुलाची नजर बराच वेळ मामांच्या चौकटीवर होती.

धोका नाहीच, असे मी त्यांना सांगितले नाही. आई किंवा वडिलांना अल्झायमर असेल तर मुलांचा धोका सरासरीपेक्षा वाढतो, आणि आजींची बहीणही आजारी होती हे विसरता येत नाही. पण 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने मांडले की स्मृतिभ्रंशाचे सुमारे 45 टक्के प्रमाण बदलता येण्याजोग्या 14 कारणांशी जोडलेले आहे. कमी ऐकू येणे, मध्यमवयातील उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल, धूम्रपान, नैराश्य, एकटेपणा ही त्यांतील काही. यांपैकी तीन गोष्टी थोरल्या मुलाच्या स्वतःच्या फाइलमध्ये होत्या, आणि त्यांपैकी एकही लाळेच्या तपासणीत दिसली नसती.

लेकीने अहवाल सर्वांना पाठवला याचा परिणाम सर्वांत जास्त ज्या व्यक्तीवर झाला तिचा त्यात काहीच संबंध नव्हता. नातीचे वर्ध्याच्या एका स्थळाशी बोलणे चालू होते. आत्याच्या सासरच्या नात्यातून बातमी तिकडे पोचली आणि त्यांनी मुलीची "ती तपासणी" करून दाखवा असा निरोप पाठवला. नात मला भेटली तेव्हा तिने आधीच ठरवले होते. आजी आजारी आहेत हे तिने पहिल्याच भेटीत सांगितले होते, काहीही लपवले नव्हते, आणि तपासणी दाखवून लग्न जमवायचे नाही असा तिचा निर्णय होता. मी तिला एवढेच सांगितले की या वयात या निकालाने करण्यासारखे वेगळे काही निघत नाही, भारतात जनुकीय भेदभावाला मनाई करणारा स्वतंत्र कायदा नाही, आणि एकदा कळलेले न कळलेले करता येत नाही. स्थळ मोडले. आत्या येऊन नातीजवळ रडली. त्या दोघींत आता बोलणे आहे, पण पूर्वीसारखे नाही.

वंशावळीच्या बैठकीनंतर थोरल्या मुलाने संध्याकाळची वेळ स्वतःकडे घेतली. ती वेळ सर्वांत अवघड, कारण दिवस मावळू लागला की आजी पदराला गाठ मारून दाराशी उभ्या राहतात आणि म्हणतात, "मले काटोलले जाचं हाये, गाडी सुटून राहिली." पूर्वी सून त्यांना समजावीत असे की हेच तुमचे घर आहे, आणि त्यातून आरडाओरडा होई. आता मुलगा म्हणतो, "उद्या सकायच्या गाडीनं जाऊ माय, आता रात झाली," आणि त्यांना गांधीसागरच्या बाजूला अर्धा तास फिरवून आणतो. परत आल्यावर आजींना बहुतेक वेळा आपण काटोलहून आलो असेच वाटते. त्यांच्याशी खोटे बोलावे का, हा प्रश्न त्याने मला विचारला होता. आजी स्थळ विचारत नाहीत, सोबत मागत आहेत, आणि सोबत खरी आहे, असे मी त्याला सांगितले.

मे 2024 च्या अखेरीस, पारा 45 अंशांच्या वर असताना, आजी तीन रात्री झोपल्या नाहीत, भिंतीवर माणसे दिसतात म्हणू लागल्या आणि कूलरच्या आवाजाला घाबरून ओरडू लागल्या. आजार एकदम शेवटच्या टप्प्यात गेला असे सर्वांनी धरून चालले होते. मला फोन आला तेव्हा मी एकच विचारले, की हा बदल महिन्यांत झाला की दिवसांत. दिवसांत झालेला बदल सहसा नुसत्या स्मृतिभ्रंशाचा नसतो, त्यामागे बहुधा दुसरे काहीतरी असते. लघवीत जंतुसंसर्ग आणि शरीरातील पाणी कमी झालेले, असे निघाले. उपचारांनंतर आठवड्याभरात त्या जवळजवळ पूर्वीच्या स्थितीला आल्या. तेव्हापासून दर दोन तासांनी पाणी, ताक किंवा पन्हे दिल्याची नोंद स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर होते, कारण आजींना तहान लागल्याचे सांगता येत नाही.

माझ्याकडून या प्रकरणात एक चूक झाली, ती नोंदवणे आवश्यक आहे. भार वाटला जावा म्हणून आजींना दोन-दोन महिने तिन्ही मुलांकडे ठेवण्याची सूचना मी केली होती, आणि पोळ्यानंतरच्या मारबतीच्या मिरवणुकीचा महालमधला गोंगाट टाळता येईल म्हणून ऑगस्टच्या शेवटी त्यांना अमरावतीला नेले. नव्या घरात त्यांना न्हाणीघर सापडेना, रात्री त्या दारे ढकलत फिरू लागल्या आणि दोनदा पडल्या. तेरा दिवसांत त्यांना परत आणावे लागले, आणि जे हरवले ते सगळे परत आले नाही. माणसाला जागा आठवत नसली तरी पायांना आणि हातांना ती ठाऊक असते, हे मला माहीत असूनही न्याय्य वाटणीच्या आग्रहात मी ते बाजूला ठेवले. आता आजी हलत नाहीत, मुले हलतात: लेक दर महिन्याला आठ दिवस महालला येते, आणि पुण्याचा मुलगा दिवसभराच्या आयाबाईचा पगार देतो. सुनेला रविवार पूर्ण मोकळा मिळतो.

पैशांची बाजू उशिरा हाताळली गेली. मुलाने मुखत्यारपत्राची तयारी केली होती, पण देणाऱ्याचे चित्त ठिकाणावर राहिले नाही की असा अधिकार संपतो, हे भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 201 मध्येच आहे. समज शाबूत असताना जे दोन कागदांत झाले असते त्यासाठी आता उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात पालक नेमण्याचा अर्ज करावा लागणार आहे.

फेब्रुवारी 2025 मधील भेटीत आजी थोरल्या मुलाला दादा म्हणत होत्या, आणि तो ओ देत होता. त्याची वही चालूच आहे, मात्र नोंदी आठवड्याला एखाददुसरी. त्याने कानाचे यंत्र घेतले आहे पण ऑफिसात लावत नाही. आजींना पाणी पिताना ठसका लागू लागला आहे, आणि पुढे गिळणे थांबले तर नळी घालायची की नाही, हे आजींच्या पूर्वीच्या बोलण्यावरून आत्ताच ठरवावे असे डॉक्टरांनी सुचवले आहे. त्यासाठी पुढच्या महिन्यात बैठक ठेवली आहे. आई तब्येतीने धड असताना मरणाबद्दल काय बोलत असे ते तिच्या भावालाच जास्त ठाऊक असेल, असे म्हणून सुनेने या वेळी काटोलच्या मामांना बोलावून घेतले आहे.